वकीलताई, दादाच्या कॉन्ट्रॅक्टसाठी तुमचे जाहीर आभार

वकीलताई नमस्कार, त्या दिवशी फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण आपल्या सोलापुरातल्या बाकीच्या खेळाडूंच्या घरच्यांनाही हे कळायला पाहिजे.

दादा गेला तेव्हा कबड्डीचा सीझन निम्मा झाला होता. तेराव्यानंतर लगेच संघाचा माणूस कागद घेऊन दारात, खेळाडू गेला म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपलं, इथं सही करा. दुसरीकडं दादाचे मित्र म्हणायचे, २०२५ च्या जुलैत लिव्हरपूल क्लबचा फुटबॉलपटू दिओगो जोटा अपघातात गेला, त्याच्या उरलेल्या कॉन्ट्रॅक्टचे पैसे क्लब घरच्यांना देणार अशा बातम्या होत्या, मग तुम्ही पण सगळे मागा. आम्हाला काही सुधरत नव्हतं.

तुम्ही अख्खं कॉन्ट्रॅक्ट आमच्यासमोर वाचलंत आणि आहे तेच सांगितलंत. १८७२ च्या करार कायद्यात कलम ३७ आहे, त्यात चित्रकाराचं उदाहरण दिलंय, ठरलेल्या तारखेआधी तो वारला तर वारसांकडून चित्र मागता येत नाही आणि वारसांनाही तो करार धरून बसता येत नाही. दादाची चढाई दुसरं कोण करणार? म्हणून राहिलेल्या मॅचचे पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये तसं लिहिलं असेल तरच, आणि आपल्यात ते नव्हतं. ऐकून आई रडली, पण खोटी आशा तुम्ही लावली नाही याचं मला आजही मोल वाटतं. जेवढ्या मॅच खेळून झाल्या त्यांची फी, बक्षिसातला वाटा, हे मात्र त्यानं कमावलेलं, ते बुडत नाही. संघाच्या कागदात अगदी तळाला 'आता काहीही येणे बाकी नाही' अशी बारीक ओळ होती, तिच्याखाली तुम्ही लाल पेननं दोनदा रेघ मारली. त्या ओळीखाली सही गेली असती तर सगळंच गेलं असतं ओ ताई.

नॉमिनी मी होतो, दादाच्या लग्नाआधीपासून. भावकी म्हणत होती पैसे तुझेच. तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत, नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, वहिनी आणि दादाची पोर चिमणी तिघींचा सारखा वाटा, वडीलसुद्धा वारसांच्या पहिल्या वर्गात येत नाहीत. इतके दिवस गप्प असलेल्या वहिनीनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, पोरीचा वाटा तिच्याच नावावर ठेवता येईल का म्हणून विचारलं. तिचा हक्क तुम्ही सगळ्यांसमोर बोलून दाखवला, यासाठी जास्त आभार.

मग वारसा प्रमाणपत्राचा अर्ज, पेपरात नोटीस, कोर्टाच्या तारखा, सगळं तुम्ही केलंत आणि स्वतःची फी नंतर बघू म्हणालात. पैसे आता जमा झालेत, फी घ्यायला लागतंय, नाही म्हणू नका.

दादाच्या संघातल्या दोन पोरांना यंदा नवीन कॉन्ट्रॅक्ट आलंय. मेल्यावर काय, हे त्यात लिहिलंय का ते सहीआधीच बघून घ्या असं सांगितलंय त्यांना. रविवारी कागद घेऊन तुमच्याकडं पाठवतो.