करार वाचून सही करणारी मुलगी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जपानी ॲनिमेवरच्या लेखात ‘मादोका माजिका’ या मालिकेला चार ओळी मिळाल्या आहेत. नायिका मादोका पहिल्याच भागात जादूई शक्ती मिळवते आणि पुढे मालिका कारण नसताना काळवंडत जाते, असे त्यांत म्हटले आहे. पहिले विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ते चुकल्यामुळेच दुसरे चुकले आहे, असे माझे मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेली बाई आहे. ही मालिका मला पुण्यात शिकणाऱ्या भाचीने दिवाळीच्या सुटीत शेजारी बसून दाखवली. तिसऱ्या भागात मामी ही सर्वांत अनुभवी, चहाबरोबर केक देणारी, धाकट्या मुलींना धीर देणारी मुलगी लढता लढता एका क्षणात मारली जाते, तेव्हा मावशी आता उठून जाणार, असे भाचीला वाटले होते. मी उठले नाही, कारण तोवर माझे सगळे लक्ष क्युबे या पांढऱ्या, मांजरासारख्या प्राण्याकडे लागले होते.

जादूई मुलींच्या मालिका जपानी दूरचित्रवाणीवर 1966 मधील ‘साली’पासून आहेत आणि 1992 च्या ‘सेलर मून’ने तो प्रकार जगभर नेला. बोलका प्राणी, चमकणारा खडा आणि क्षणात बदलणारा पोशाख ही त्यांतली ठरलेली सामग्री आहे. अकियुकी शिन्बो यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि गेन उरोबुची यांनी लिहिलेल्या या बारा भागांच्या मालिकेत (2011) ती सगळी आहे. फरक एवढाच, की येथे बोलका प्राणी करार करून घ्यायला आलेला आहे. तुझी कोणतीही एक इच्छा पूर्ण करतो, त्या बदल्यात तू जादूई मुलगी हो आणि चेटकिणींशी लढ, असा त्याचा प्रस्ताव असतो. तो खोटे बोलत नाही. फक्त पुरते सांगत नाही.

सहाव्या भागात मुली भांडत असताना मादोका भांडण थांबवावे म्हणून आपल्या मैत्रिणीचा, सायाकाचा, खडा पुलावरून खाली फेकते. तो एका धावत्या ट्रकवर पडून दूर जातो आणि सायाका जागच्या जागी कोसळते. श्वास नाही, नाडी नाही. करार करताना तिचा आत्मा शरीरातून काढून त्या खड्यात ठेवलेला असतो, आणि शंभर मीटरपलीकडे शरीर त्याला जुमानत नाही. हे आधी का सांगितले नाही, या प्रश्नाला क्युबेकडे उत्तर तयार असते: कोणी विचारलेच नव्हते. हे उत्तर ऐकून मी भाचीला मालिका थांबवायला सांगितले. दिरासाठी जामीनदार म्हणून सही केलेली एक बाई, हप्ते थकल्यावर घरी आलेली नोटीस पदराखाली धरून, माझ्या टेबलापुढे उभी राहिली होती, आणि हेच उत्तर जरा सौम्य शब्दांत मी तिला दिले होते. कागद नियमाप्रमाणेच होते. क्युबेचेही कागद नियमाप्रमाणेच असतात.

त्याचा हिशेबही चोख आहे. विश्वातील ऊर्जा घटत चालली आहे. मात्र आशेने भरलेली मुलगी निराशेत कोसळते त्या क्षणी जी ऊर्जा सुटते, ती खर्चापेक्षा जास्त भरते. त्यामुळे जादूई मुलींचा शेवट चेटकीण होण्यातच व्हावा, अशी सगळी मांडणी असते. ही गोष्ट जपानी लिपीतच दडलेली आहे. ‘माहो शोजो’, म्हणजे जादूई मुलगी, हा शब्द चार अक्षरांचा. त्यांतली मधली दोन गाळली, की उरते ‘माजो’, म्हणजे चेटकीण. पहिले अक्षर ‘मा’ हे तर आपल्या ओळखीचे आहे: बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना ‘मार’ हे नाव लिहिण्यासाठी ते वापरले गेले. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला चळवायला आलेला मार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना क्युबे परका वाटणार नाही. मालिकेत सैतानाशी करार करणाऱ्या ‘फाउस्ट’चे आणि वालपुर्गीसच्या, म्हणजे चेटकिणींच्या मेळ्याच्या, रात्रीचे जर्मन संदर्भ उघडपणे येतात आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मला हा जवळचा धागा अधिक बोलका वाटला.

चेटकिणी ज्यांत दडून राहतात ते चक्रव्यूह गेकिदान इनुकरी या कलावंत जोडीने रचले आहेत. कात्रणे, कापड, शिवणाचे टाके, मिशा चिकटवलेली कापसाची बाहुली अशा गोष्टींचे ते जग बाकीच्या गुळगुळीत चित्रांत मुद्दाम विजोड दिसते. प्रत्येक चक्रव्यूहात त्या चेटकिणीची मोडलेली इच्छा पसरलेली असते. सायाकाने ज्या मुलाचा निकामी झालेला हात बरा व्हावा म्हणून करार केला, तो व्हायोलिनवादक. म्हणून तिच्या चक्रव्यूहात वाद्यवृंद वाजत असतो आणि ती स्वतः चिलखतातली जलपरी झालेली असते. दुसऱ्यासाठी सर्वस्व दिले आणि त्याला त्याचा पत्ताही नाही, ही डॅनिश परीकथेतली जलपरीच. तिच्याशी आधी भांडणारी क्योको मला सगळ्यांत आवडली. देऊ केलेले सफरचंद सायाका फेकून देते तेव्हा ही उर्मट मुलगी तिचा गळा धरते आणि अन्न टाकू नकोस म्हणून दरडावते; उपाशी दिवस काढलेल्या माणसाचा राग कसा असतो, हे लेखकाला ठाऊक आहे.

मुलींना इतके छळून त्यातून करमणूक उभी केली आहे, आणि लेखक व दिग्दर्शक दोघेही पुरुष आहेत, हा आक्षेप कोणी घेतला तर मी तो उडवून लावणार नाही. सायाकाचे हाल दाखवताना मालिका एकदोनदा गरजेपेक्षा जास्त रेंगाळते, असे मलाही वाटले.

पण काळोख विनाकारण आहे, हे मात्र मान्य नाही. शीर्षकगीतात मादोका गुलाबी झग्यात दिसते, त्यामुळे आपल्या लेखकांची गफलत झाली असावी. प्रत्यक्षात मालिकेच्या मुख्य काळरेषेत ती करार करते बाराव्या, म्हणजे शेवटच्या भागात. मधले अकरा भाग ती दुसऱ्यांच्या सह्यांचे काय झाले ते पाहत असते. तिला वाचवण्यासाठी तोच महिना पुन्हा पुन्हा जगणारी होमुरा तिला सही करू देत नाही, आणि आई वादळाच्या रात्री निवाऱ्याच्या जिन्यात तिला अडवते. सगळ्या शर्ती, सगळी किंमत कळल्यावर मादोका जी इच्छा मागते, ती शब्दन् शब्द तोलून मागितलेली आहे: आजवरच्या, आताच्या आणि पुढच्याही सर्व चेटकिणींना जन्माआधीच, स्वतःच्या हाताने नाहीसे करण्याची. कराराने इच्छा पुरी करणे क्युबेला भागच असते आणि ती पुरी होताच कराराचा पायाच ढासळतो. शस्त्राने न हरलेला तो प्राणी मसुद्याने हरतो. माझ्या उभ्या नोकरीत इतके कसलेले कलम मी वाचलेले नाही.

किंमत तिलाही चुकत नाही. ती जगातून पुसली जाते, आईलाही आठवत नाही. फक्त तिचा लहान भाऊ नदीकाठी काडीने जमिनीवर तिचे चित्र काढत बसतो.

2013 चा पुढचा चित्रपट पाहिल्याशिवाय पत्र पाठवू नकोस, असे भाचीने बजावले होते. तोही पाहिला. त्यात होमुरा जे करते त्याने मला वाईट वाटले, परंतु तिने केलेला करार वेगळा होता आणि त्याविषयी लिहायला आपल्याकडे जागा नसेल. मादोका सही पहिल्या भागात नव्हे, शेवटच्या भागात करते, एवढी दुरुस्ती मात्र येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, मिरज