चाखायला शिकवणाऱ्या ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाइन किंवा व्हिस्कीचं कुतूहल असणाऱ्याच्या हाती सहसा आधी विशेषणांची यादी पडते. चामडं, व्हॅनिला, ओली माती, सुकलेलं अंजीर. मग तो ग्लासात अंजीर शोधत बसतो, आणि सापडलं नाही की आपलंच नाक खोटं ठरवतो. तुमचा आग्रह उलटा. नाकाला काय आठवतं ते नंतर बघू, आधी तोंडात काय होतंय ते सांगा. आमचे आभार मुख्यतः त्यासाठी.

तुमच्या पहिल्या धड्यात वाइन नसतेच. चार ग्लास असतात. एकात 200 मिली पाण्यात चमचाभर लिंबाचा रस. दुसऱ्यात तेच, वर दोन चमचे साखर. तिसऱ्यात दहा मिनिटं मुरवून गार केलेला कडक कोरा चहा. चौथ्यात एक भाग व्होडका, दोन भाग पाणी, म्हणजे साधारण 13 टक्के, वाइनइतकंच अल्कोहोल. चहाने हिरड्या नि गाल आतून आक्रसतात, ते टॅनिन. चौथ्या ग्लासाने घशाशी ऊब येते, ती अल्कोहोलची. खरी मेख पहिल्या दोन ग्लासांत आहे. साखरेमुळे दुसरा ग्लास फारसा आंबट लागत नाही, पण घोट गेल्यावर लाळ सुटायची राहत नाही, कारण आम्ल तेवढंच आहे. आंबटपणाचा अंदाज जिभेपेक्षा लाळेवरून घ्यायचा, हे तिथे पक्कं होतं. गोड वाइनचं आम्ल ओळखताना बहुतेकांची गफलत इथेच होते.

नाक चिमटीत धरून घोट घ्यायची युक्तीही तुमचीच देणगी. पिकलेल्या फळांचा वास असलेली ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ नसलेली, वाइनही गोड भासते. नाक बंद करताच गोडवा गेला तर तो वासाचा होता, साखरेचा नव्हे.

बिघाड ओळखण्यात तुम्ही घाई करू दिली नाहीत, याचा उपयोग फार झाला. नुकत्या विझवलेल्या काडीसारखा वास आला तर ग्लास फिरवा, दहा मिनिटं थांबा. तो गंधकाच्या संयुगांचा असतो आणि हवा लागली की बऱ्याचदा उडून जातो. भिजून कुबट झालेल्या पुठ्ठ्याचा वास मात्र हवेने जात नाही. तो टीसीए नावाच्या संयुगाचा, बहुधा बुचातून आलेला. अपाय काही नाही, पण फळाचा वास दबून वाइन मुकी होते. नाक या वासाला चटकन सरावतं, म्हणून पहिल्या हुंगण्यावर विश्वास ठेवायचा. आणि ग्लासाच्या कडेने ओघळणारे थेंब? अल्कोहोल पाण्याआधी उडतं, पृष्ठताणात फरक पडतो, द्रव वर खेचला जाऊन खाली ओघळतो. दर्जाशी त्याचा संबंध नाही. मैफलीत हे सांगितलं की काही चेहरे पडतात, त्याला आपण काय करणार.

तापमानाचं थोडक्यात: भरदार रेड 15 ते 18 अंश, हलकी व्हाइट 7 ते 10. रेड फार गार झाली की टॅनिन बोचतं, फार कोमट झाली की नाकात अल्कोहोलच शिरतं.

स्पिरिट्सच्या बाबतीत तर तुम्ही भीतीच घालवलीत. वाइनसारखं नाक ग्लासात खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगायचं. धुरकट व्हिस्की शेवटी, नाहीतर पुढची प्रत्येक धुरकटच लागते. रंगावरून वय ठरवायचं नाही, कारण स्कॉचमध्येही कॅरॅमलचा रंग घालायला मुभा आहे. लेबलवरचा 12 हा आकडा मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा असतो. घोट थुंकायला लाजायचं नाही, कारण चौथ्या ग्लासापर्यंत शाबूत निवाडा थुंकणाऱ्याचाच राहतो.

पाण्याचा हिशेब मात्र आमच्या सगळ्यांचा लाडका. 40 टक्क्यांना नाक चुरचुरतं आणि बारीक वास हरवतात, म्हणून हुंगण्यापुरतं 20 टक्क्यांवर आणायचं. स्पिरिट 20 मिली घ्यायचं आणि लेबलवर जितके टक्के, तितक्या मिलीपर्यंत पाण्याने भरायचं. 40 टक्क्यांचं असेल तर एकूण 40 मिली, 46 चं असेल तर 46, पिंपातून थेट भरलेलं 58 चं असेल तर 58. एक विनंती: नवीन येणाऱ्यांना देता त्या कागदावर हे सगळ्यात वर छापा. सध्या ते पाठीमागे, अगदी तळाशी आहे.

आपले कृतज्ञ,
चाखायला शिकलेले आम्ही सगळे