सुमंतला, स्मरणिकेच्या निमित्ताने

चि. सुमंत यास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

एस्तेरने काल फोनवर सांगितलं. तू सांगू नकोस म्हणाला होतास, तरी सांगितलं. तिला बोलू नकोस. प्रेसमधून येताना गरगरलं, घाम सुटला, पायरीवर बसलास. गोळी सुरू केलीस का, एवढंच विचारतो. बाकीचं पत्र स्मरणिकेबद्दल लिहीन, असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय.

तरंगमबाडीच्या उत्सवासाठी तू लिहिलेल्या स्मरणिकेचा मसुदा दोनदा वाचला. छान उतरलाय. आपल्या नगरचं मिशन १८३१ चं, तर त्याचा आपल्याला केवढा तोरा! तुझ्या सासरची, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीची ख्रिस्ती मंडळी त्याच्याही सव्वाशे वर्षं आधीची. ९ जुलै १७०६ ला त्सिगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाऊ हे दोन जर्मन मिशनरी तिथे उतरले, डेन्मार्कच्या राजाने धाडलेले, आणि तिथल्या डॅनिश कमांडरच्याच डोळ्यांत सलले, तो भाग मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. चार महिने कोठडी सोसून त्सिगेनबाल्गने पुढे तमिळ नवा करार छापला. १७०७ चं पहिलं चर्च समुद्राने खाल्लं, म्हणून नवं बांधलं, ११ ऑक्टोबर १७१८ ला त्याची प्रतिष्ठा झाली, आणि २३ फेब्रुवारी १७१९ ला तो गेला. त्याच चर्चमध्ये पुरला. वय ३६.

इथे मी चष्मा काढून ठेवला. तू लिहितोस, 'अथक परिश्रम'. अथक कसले रे? प्रकृती ढासळलेली, वरून कोपनहेगनच्या मिशन मंडळाकडून टीकेची पत्रं. थकला होता तो. तुझंही वय तेच आहे, हे मला लिहायचं नव्हतं.

आमचे आप्पाही असेच, 'जरासं गरगरलं' म्हणायचे. पेटी सायकलला बांधून पारनेरकडच्या वाड्यावस्त्यांवर भजनाला जायचे, आणि रात्री कंदील जवळ ओढून बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली पुसट नावं पुन्हा गिरवायचे. निब खरखरायची. दुसऱ्या गीताला पेटी बंद पडली तेव्हा आम्हा पोरांना वाटलं, भाता फाटला. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी सांगतोय. मीठ कमी कर, लोणचं बंद, दहाला झोप, ती सुकी मासळी... जाऊ दे, रागावू नकोस. तीस वर्षांची मास्तरकी, जाता जात नाही.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. सगळे जर्मन पानभर आणि आरोनला दीड ओळ? तमिळ माणूस, १७३३ मध्ये पाळक झालेला. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या चालून चालून सांभाळल्या त्याने. उत्सव त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा, अन् मान पाहुण्यांचा, हे काही बरं नव्हे. दुसरं, श्वार्ट्झ मिशनरी. तोही १७५० मध्ये आधी तुमच्याच गावी आला, मग तंजावरला. आपल्या भोसल्यांच्या सर्फोजीला त्याने शिकवलं, जपलं; राजाने मागे त्याचं संगमरवरी स्मारक इंग्लंडहून करवून आणलं. मराठी माणसाने लिहिलेल्या पुस्तिकेत एवढं तरी हवं.

पण हे वाढवायचं म्हणजे पुन्हा जागरण. तसं करू नकोस. मजकूर मीच लिहून पाठवतो, एस्तेर तमिळ करील. एक पान कमी पडलं म्हणून उपासना थांबत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेला पट्ट्यावर चालायचा तो तपास, त्याची तारीख घेतलीस की अजून 'बघू'च चाललंय?

नगरच्या चर्चमध्ये रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. आई पदर सावरत बसली, मी उगीच गीताचं पुस्तक चाळलं.

८ ऑक्टोबरची तिकिटं काढली आहेत, चेन्नईला गाडी बदलून मयिलादुतुरैपर्यंत. आईला खालचा बर्थ मिळालाय. चिंगीला सांग, शेंगदाण्याची चटणी आणतोय, पण ती तिच्यापुरतीच. रिपोर्टची फाईल वर काढून ठेव, आल्या आल्या मागणार आहे.

तुझा,
बाबा