महाडची माणसेही आठवावीत

महाडच्या एमआयडीसीवरील आपल्या पुरवणीतील ‘थोर महाडकर’ ही चौकट वाचली. चवदार तळ्याचा उल्लेख त्यात आहे, पण तळ्याचा लढा उभा करणारी इथली माणसे नाहीत, हे खटकले.

डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी तळ्याचे पाणी प्राशन केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळची अस्पृश्यांची परिषद महाडला भरली, त्यामागे महाड तालुक्यातील लाडवलीत जन्मलेल्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची धडपड होती. हुशार असूनही अस्पृश्य म्हणून या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला. त्याने थेट वृत्तपत्राला पत्र लिहिले, ते छापून आले आणि शाळेला दार उघडावे लागले. वाचकांच्या पत्रांच्या सदराला तरी त्यांचे विस्मरण होऊ नये!

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलात झाल्यानंतर १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. त्या नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस स्वजातीयांचा रोष पत्करून सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी, १९२७ च्या डिसेंबरमध्ये भरलेल्या दुसऱ्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा महाडचे मुस्लिम रहिवासी फत्तेखान यांनी आपली जमीन दिली.

सावित्रीकाठच्या कारखान्यांत आज बाहेरगावची हजारो माणसे काम करतात. त्यांना हे गाव कोणाचे, हे कळायला हवे. पुढील पुरवणीत या तिघांवर सविस्तर लेख द्यावा आणि नगरपालिकेने तळ्याच्या आवारात त्यांच्या कार्याची माहिती देणारे फलक लावावेत, ही विनंती.

– एक वाचक, महाड