शिनयांगला निघालेल्या लेकीस

इचलकरंजी,
१ फेब्रुवारी २०२६

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर "हार्ड सीट मिळालंय", म्हणजे साध्या गाडीतलं नुसतं बसायचं तिकीट, असं म्हणालीस आणि आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. तिचं म्हणणं तू ऐकलंसच. माझं राहिलं, म्हणून लिहितो. माझं म्हणणं, जा. मैत्रिणीच्या आईवडिलांनी नव्या वर्षाला शिनयांगला, हेनान प्रांतातल्या घरी बोलावलंय, ते टाळू नये. वेगवान गाडीची तिकिटं संपली म्हणून अडून बसायचं कारण नाही. आईला काळजी रात्रीच्या गर्दीची आहे, आणि ती खोटी नाही. उद्यापासून चिनी नववर्षाची चाळीस दिवसांची धावपळ सुरू होतेय. आधीचे पंधरा दिवस, नंतरचे पंचवीस. त्या दिवसांत ग्वांगझोऊहून उत्तरेला सुटणारी साधी गाडी म्हणजे काय, हे आपल्या घरात फक्त मला माहीत आहे.

जानेवारी २००६. मी जुने रॅपियर जातीचे यंत्रमाग बघायला गेलो होतो. माल शिजियाझुआंगला होता. ते कापड गिरण्यांचं जुनं शहर. ग्वांगझोऊहून तिथवर जवळजवळ दोन हजार किलोमीटर. आज वेगवान गाडी ग्वांगझोऊहून पार बीजिंगपर्यंत आठ-नऊ तासांत जाते, पण ती लाइन पूर्ण सुरू झाली २०१२ च्या डिसेंबरात. तेव्हा एक अख्खा दिवस, एक रात्र आणि वर काही तास लागायचे. झोपायच्या डब्याचं तिकीट काही मिळेना. एजंटनं कुठूनतरी हार्ड सीट आणलं, मला डब्यात कोंबलं आणि खिडकीतून एक चिठ्ठी दिली. चिनीत काय लिहिलंय ते त्यानंच सांगितलं: हा माणूस भारतातला आहे, मांस खात नाही, याला शिजियाझुआंगला उतरवा.

तो डबा तुला आधीच डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. एका अंगाला तिघांचं बाक, दुसऱ्या अंगाला दोघांचं, समोरासमोर, मध्ये हातभर टेबल. पाठ सरळ, मागं रेलायची सोय नाही. आसनं ११८, पण उभ्यानं जायचं तिकीटही विकतात, आणि त्याचे पैसे बसायच्या तिकिटाइतकेच. त्यामुळे बसलेला उभ्याकडे बघून जरा ओशाळलेलाच असतो. वाटेत माणसं, बेसिनपाशी माणसं, दोन डब्यांच्या जोडावर सिगारेट ओढणारी माणसं. बाकाखाली वर्तमानपत्र अंथरून झोपलेला माणूस मला पहिला तासभर दिसलाच नाही, पाय हलवला तेव्हा कळलं. दिवे रात्रभर चालू. एवढ्या दाटीतून खाण्याची ढकलगाडी दर थोड्या वेळानं जातेच. ती ढकलणारी बाई एका सुरात "बिया, शेंगदाणे, बिअर, पाणी, पाय आवरा, पाय आवरा" म्हणत येते आणि पाय खरोखर आवरावे लागतात.

बहुतेक सगळे गावाकडे निघालेले मजूर. बांधकामावरचे, चपलांच्या आणि खेळण्यांच्या कारखान्यांतले. प्रत्येकाजवळ रंगाचा रिकामा प्लास्टिकचा डबा, झाकणाचा. त्यात सामान भरायचं, उभ्याचं तिकीट असेल तर वाटेत त्यावरच बसायचं आणि गावी पोचल्यावर त्यातच पाणी भरायचं. एवढी शहाणी सुटकेस मी अजून पाहिली नाही.

माझ्या बाकाशेजारी असाच डबा घेऊन एक गवंडी उभा होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. मी सरकून त्याला अर्धी जागा दाखवली. त्यानं मान हलवली. पुन्हा दाखवली, पुन्हा नाही. मग त्यानं खिशातून मूठभर सूर्यफुलाच्या बिया काढून माझ्यापुढं धरल्या. मी घेतल्या. त्या समोरच्या दातांनी उभ्या फोडायच्या आणि गर जिभेनं ओढायचा असतो. मी टरफलासकट चावल्या. आजूबाजूचे सातआठ जण हसले, एका म्हातारीनं तर तोंड उघडून दात दाखवत मला शिकवणी दिली. आणि तेवढ्यात तो गवंडी येऊन अर्ध्या जागेवर बसला. त्याला माझ्याकडून काही घेण्याआधी मला काहीतरी द्यायचं होतं. हे मला त्या रात्री नीटसं कळलं नव्हतं, पुढं धंद्यात तिथल्या लोकांशी वागताना कळत गेलं.

मृण्मयी, आपल्या घरात तुला द्यायला शिकवलंय. घेताना मात्र आपण सगळे अवघडतो. "नको नको, पोट भरलंय" हे आपलं ठरलेलं. त्या गाडीत ते सोडून दे. कुणी संत्र्याची फोड दिली तर घे. गरम पाण्याच्या बंबावरून कुणी तुझाही पेला भरून आणतो म्हणालं तर दे पेला. देणाऱ्याला एकदा दाता होऊ दिलं की तो तुझ्या बॅगेकडे लक्ष ठेवतो, तुला स्टेशन आलं की उठवतो, तुझ्यासाठी दुसऱ्याशी भांडतोसुद्धा. तू नुसतीच वाटत राहिलीस तर तू पाहुणीच राहशील. आणि पाहुण्यांशी कुणी पत्ते खेळत नाही.

पत्त्यांचं सांगतो. जमीनदाराचा डाव. तुला आता येतही असेल. तिघं खेळतात, दोन्ही जोकरांसकट चोपन्न पानं, प्रत्येकाला सतरा, उरलेली तीन जमीनदाराला. मग बाकीचे दोघं मिळून त्या जमीनदाराला हरवायला बघतात. ज्या देशात जमीनदार संपवले तिथं रात्रभर प्रत्येकजण आपण जमीनदार व्हावं म्हणून बोली लावत होता. बोली बोटांवर. एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात ते लोक: अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, तुझे आजोबा त्यात पटाईत होते. मी ते लहानपणी बघितलेलं, त्यामुळं मला हे चिनी आकडे अर्ध्या तासात पाठ झाले. भाषेचा एक शब्द न येता मी त्या बोटांवर किती मुलं, किती एकर, किती पगार, किती भाऊ, सगळं सांगितलं. हो, पगार विचारतात. लग्न झालंय का, का नाही झालं, घरचे काय म्हणतात, हेही विचारतील, आणि तुला भाषा येते म्हणजे सुटका नाही. राग धरू नको. आपल्या दोन्हीकडच्या आत्या पहिल्या भेटीत वेगळं काय विचारतात? पण पगाराचा आकडा कमी सांगितलास तरी चालेल.

माझ्या पाकिटात तुझा फोटो होता, बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला, फेटा बांधलेला. तो चिठ्ठीबरोबर फिरायला निघाला. चिठ्ठी त्याआधीच हातोहात गेली होती, ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यानं वाचायचा आणि मग माना वळून माझ्याकडे बघायच्या. डब्याच्या त्या टोकाला जाऊन दोन्ही परत आली, चिठ्ठीवर तेलाचे डाग पडलेले. फेटा बघून त्यांना तू मुलगा वाटलीस. गवंड्यानंही त्याच्या लेकीचा फोटो काढला. तुझ्याच वयाची. ती गावी आजीआजोबांपाशी. तिथं घराची नोंद ज्या गावात, शाळा आणि दवाखान्याचे हक्क त्या गावात, शहरात मजुराच्या पोरांना सरकारी शाळेत घ्यायला खळखळ. त्यामुळं आईबाप कारखान्यात आणि पोरं गावात, भेट वर्षातून एकदा, याच दिवसांत. त्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उघडून तिच्यासाठी घेतलेलं लाल जाकीट मला दाखवलं. मग ते तुझ्या फोटोशेजारी धरून त्यानं हातानं विचारलं, माप बरोबर असेल का? त्यानं तिला वर्षभर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, एक बोट मोठं असू दे.

दोन वर्षांनी, २००८ साली, हुनान प्रांतात बर्फानं विजेच्या तारा तुटल्या, हीच लाइन बंद पडली आणि ग्वांगझोऊ स्टेशनाबाहेर लाखो मजूर अडकून पडले. मी टीव्हीवर त्या गर्दीत एकेक रंगाचा डबा बघत बसलो होतो. आईला वाटलं मी बातम्या बघतोय.

भडंगाचंही सांगायला हवं. आजीनं जयसिंगपूरचं भडंग दोन किलो दिलं होतं. मी पुडा फोडला तो गाडी हुनानात शिरल्यावर. चेनझोऊला चढलेल्या दोघांनी ते असं खाल्लं की लसणीच्या तिखटाचं त्यांना काहीच नाही. उलट त्यांनी आपल्या पिशवीतून वाळवलेली मिरची काढून त्यात मिसळली. ग्वांगडोंगच्या एका पोराच्या मात्र डोळ्यांतून पाणी आलं. तू आपलं भडंग नेऊ शकत नाहीस, पण तुझ्या हॉस्टेलवर ती शेंगदाण्याची चटणी आहे ना, ती ने. आणि नूडल्सचा पेला घेताना बघून घे. लाल वेष्टनातले बहुधा गोमांसाच्या रश्श्याचे असतात.

पहाटे डब्यात जरा शांत झाल्यावर समोरच्या कोपऱ्यातले एक आजोबा माझ्याशी बोलू लागले. हेबेईचे, म्हणजे शिजियाझुआंगच्याच प्रांतातले. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत, मला समजेना. मग त्यांनी छातीला नळी लावल्याची खूण केली, सिगारेटच्या पाकिटावर १९४२ लिहिलं आणि डोळे मिटून मान टाकली. तेव्हा उजेड पडला. कोटणीस! सोलापूरचे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक भारतातून चीनच्या मदतीला गेलं, त्यात हे होते आणि नागपूरचे चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले, तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी वारले. मी "माझं गाव, त्यांचं गाव" अशी खूण करून टेबलावर बोटानं अंतर दाखवलं. सोलापूर आणि इचलकरंजी त्या टेबलावर इंचभर अंतरावर आली. आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचनात. मला खरं तर जरा अवघडल्यासारखं झालं. त्या माणसानं केलं होतं, मी नुसता माग घ्यायला आलो होतो. शिजियाझुआंगला काम झाल्यावर एजंटला घेऊन मी हुतात्म्यांच्या बागेत त्यांची समाधी बघून आलो. माग काही पसंत पडले नाहीत, हे तुला माहीतच आहे.

त्या लोकांपैकी कुणाची पुन्हा गाठ पडली नाही. गवंडी हेनानातच उतरला, निरोप घ्यायलाही वेळ नव्हता. डबा डोक्यावर घेऊन तो दारापर्यंत माणसांवरूनच गेला म्हणायचं. पत्ता घ्यावा असं कुणाच्याच मनात आलं नाही आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही. तूही सगळ्यांना वीचॅटवर जोडून घेत बसू नको. विशेषतः पुरुषांना. हॉस्टेलचं नाव, खोली, परतीचा दिवस यातलं काही सांगायचं नाही, गप्पा कितीही रंगल्या तरी. कुणी पिऊन त्रास देऊ लागला तर वाद घालू नको, डब्याच्या टोकाला अटेंडंटची खोली असते तिकडे जा. शेजारच्या बायकांशी पहिल्या तासातच बोलून ठेव, रात्री त्याच उपयोगी पडतात. पासपोर्ट अंगावर, बॅगेत नाही. स्टेशन जवळ आलं की संडासाला कुलूप लावतात, आधी उरकून घे. आणि गाडीत चढल्या चढल्या झोपायच्या डब्यात जागा आहे का ते विचार, कधीकधी वाटेत मिळते. मिळाली तर घे. सगळी रात्र ताठ बसून काढण्यात काही मोठेपणा नाही. वाटल्यास पत्ते खेळून मग जा.

मैत्रिणीच्या घरी घड्याळ नेऊ नको, अशुभ मानतात. चहाही नको, शिनयांगचा माओजियान सबंध चीनमध्ये नावाजलेला, तिथं आपण काय चहा न्यायचा. फळांची पेटी ने. लहान मुलं असतील तर लाल पाकिटात थोडे पैसे घालून ठेव. आजीनं तिच्यातर्फे सोलापुरी टॉवेल द्यायला सांगितलेत, पण ते तुझ्यापर्यंत वेळेत पोचतील असं वाटत नाही.

आजी आणखी एक विचारतेय, त्यांच्या घरात देवघर असतं का? मला सांगता आलं नाही. कधी कुणाच्या घरात गेलोच नाही मी तिथं, सगळी हॉटेलं आणि गिरण्या. तू बघून कळव.

तुझा,
बाबा