समासातल्या लाल प्रश्नचिन्हास

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्र घरी न पाठवता जाहीर लिहितोय. वृत्तपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासून पानं लावणाऱ्या आम्हा मंडळींच्या ज्या खवचट पोस्टींना हल्ली लोक टाळ्या देतात, त्यांतला निम्मा माल आमच्या मुद्रितशोधकाचा, म्हणजे तुमचा आहे आणि तो नावानिशी कबूल करायचा राहून गेला होता. ढगफुटीवरची कोटी, कांद्याच्या भावावरचा चिमटा, ‘परिसरात एकच खळबळ’वरची टिंगल, हे सगळं आधी प्रूफच्या, म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानाच्या, समासात लाल बॉलपेनने लिहिलेलं असायचं. तेही तीन शब्दांत. ‘खळबळ एकच? मोजली?’

अनेक दैनिकांत मुद्रितशोधक हे पदच आता उरलेलं नाही. उपसंपादक स्वतःच लिहितो, स्वतःच पान लावतो, स्वतःच वाचतो. आपल्या लेकराचं नाक वाकडं आहे हे आईला दिसत नाही, तसं मग होतं. म्हणून तुम्ही लावलेल्या सवयींचे आभार एकेक करून मानतो.

आधी कांदा. बाजार समितीकडून रोज तीन आकडे येतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. बातमीदार कमाल उचलतो, कारण मथळ्यात तोच उठून दिसतो. प्रत्यक्षात तो भाव एखाद-दुसऱ्या ट्रॉलीतल्या निवडक मालाला मिळालेला असू शकतो. बाकी माल सर्वसाधारण भावाच्या मागेपुढे जातो. त्यावर तुमचा पहिला शेरा, ‘किती ट्रॉल्यांना?’ दुसरा शेरा क्रियापदावर. समजा लासलगावात क्विंटलला २,००० रुपये निघाले, म्हणजे किलोला २०. हा भाव ‘भडकला’ की ‘सावरला’? ते पान कुठल्या आवृत्तीचं आहे त्यावर ठरतं. निफाडचा शेतकरी त्यातून बियाणं, मजुरी आणि कांदाचाळीत साठवताना होणारी घट वजा करतो. दादरचं गिऱ्हाईक त्याच आकड्यात हमाली, गाडीभाडं आणि दोन हातांचा नफा मिळवून पिशवी उघडतं. ‘कांदा महागला’ आणि ‘कांद्याला भाव मिळाला’ या एकाच दिवसाच्या, एकाच आकड्याच्या दोन बातम्या झाल्या, आणि दोन्ही एकाच अंकात वेगवेगळ्या पानांवर छापून येऊ शकतात. तुमचा उपाय रुक्ष होता: क्रियापद खोडा, सर्वसाधारण भाव घ्या, एकक लिहा, आठवड्यापूर्वीचा भाव शेजारी ठेवा. मथळ्याचा जोर जातो खरा. पण दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून फोन येत नाहीत.

सोन्याचंही तेच. जुन्या मापाचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाच्या तोंडचा तोळा १० ग्रॅमचा. म्हणून ‘तोळ्याला’ खोडून ‘१० ग्रॅमला’, आणि कंसात ३ टक्के जीएसटी धरून की सोडून. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ वर आला (फेब्रुवारी २०२५ मध्ये आला होता) तर ती पाव टक्क्याची घट नव्हे, पाव टक्केबिंदूची, म्हणजे दोन टक्केवारींमधल्या सरळ फरकाची. हे सांगताना तुम्ही कधी चिडला नाहीत, हे विशेष.

आता ‘ऱ्य’. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये वळवताना जी अक्षरं हमखास जायबंदी होतात, त्यांत हे पहिलं. तो आडवा अर्धा र टिकवून धरायला काही प्रणाली अक्षरांच्या मध्ये एक न दिसणारं चिन्ह ठेवतात. मजकूर इकडून तिकडे जाताना ते गळतं आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. परिणाम असा: ‘लग्नात जेवणावरून आचाऱ्यांना मारहाण’ ही साधी हाणामारी ‘आचार्यांना मारहाण’ होऊन थेट धर्मसंकटात जाते. सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. शब्दशुद्धी तपासणारं सॉफ्टवेअर इथे हात वर करतं, कारण आचार्य आणि दर्या हे दोन्ही शब्द कोशात आहेत. तुमची चाळणी मात्र चालते. पानात ‘र्य’ शोधायचा आणि प्रत्येक ठिकाणी मूळ शब्द उच्चारायचा. शेतकरी, वारकरी, कर्मचारी, किनारा, दुसरा असा शेवटी री किंवा रा असेल तर सामान्यरूपात ‘ऱ्य’ हवा. सूर्य, कार्य, आचार्य यांना हात लावायचा नाही. दोन मिनिटांचं काम. आषाढी एकादशीच्या अंकात तर हे दोनदा करावं, वारकऱ्यांची संख्या तिथे लाखांत असते.

दिन आणि दीन, शिर आणि शीर यांचंही दुखणं याच जातीचं. ‘महिला दीन उत्साहात साजरा’ यातला प्रत्येक शब्द कोशात आहे, हीच त्यातली पंचाईत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे अठराही तुम्हाला पाठ होते. पण तुम्ही नियमाचा क्रमांक कधी सांगितला नाहीत. ‘दीन कोण, महिला की आपण?’ एवढंच लिहायचात.

गुन्ह्यांच्या पानावर तुमची गरज हल्ली जरा जास्तच भासते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि पाठ झालेली कलमं सगळी हलली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ होतं, ते आता १०३. हात सवयीने ‘न्याय संहिता, कलम ३०२’ लिहितो. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं, म्हणजे खून करणारा कागदोपत्री नुसता बोलून सुटतो. फसवणूक ३१८ मध्ये गेली. चारशेवीस तर कुठेच नाही, कारण संहिताच ३५८ कलमांत संपते. मराठीतला ‘चारशेवीस माणूस’ तेवढा बेघर झाला. मात्र गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला असेल तर जुनंच कलम लागतं, म्हणून आधी घटनेची तारीख, मग कलम, हा क्रम. संशयित, आरोपी आणि दोषी यांतला फरक वेगळा सांगायला नको. ‘गुन्हेगाराला न्यायालयासमोर हजर केले’ दिसलं की तुमचं लाल वर्तुळ ठरलेलं: ‘निकाल लागला?’

पावसाळ्यात तुमचा हात जास्त जड व्हायचा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे मंगळवारी सकाळी आलेला आकडा बहुतांश सोमवारचा पाऊस असतो आणि बातमी तो बिनदिक्कत मंगळवारच्या नावावर टाकते. मुंबईच्या २६ जुलैच्या पावसातले सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटरसुद्धा २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांतले. ढगफुटीला तासाला १०० मिलिमीटरचा निकष आहे. महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावांच्या गटातल्या) पर्जन्यमापकाची नोंद दिवसाची येते, तासाची येतेच असं नाही, म्हणून मग ‘ढगफुटीसदृश’ हा शब्द धावून येतो. या ‘सदृश’ने मराठी पत्रकारितेला जेवढं वाचवलं तेवढं वकिलांनीही नसेल. तुम्ही तो सरळ कापायचात आणि महसूल मंडळाचं नाव आणि मिलिमीटर मागायचात. २४ तासांत ६५ च्या वर असेल तर अतिवृष्टी लिहा. पंचनाम्याची चर्चा त्याच आकड्यावरून सुरू होते.

धरणांबाबत एक चिठ्ठी तुम्ही कीबोर्डखाली सरकवून ठेवायचात: क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) म्हणजे वेग, टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे साठा, ११,५७४ क्युसेक पूर्ण दिवस सोडलं तर १ टीएमसी. ही चिठ्ठी नसली की ‘१० हजार टीएमसीचा विसर्ग’ पान एकवर जातो. कोयना काठोकाठ भरली तर १०५.२५ टीएमसी, म्हणजे तेवढ्या विसर्गाला कोयना पंचाण्णव वेळा रिकामी करावी लागेल.

पान सोडण्याआधीची तुमची फेरीही आता आम्हीच मारतो. मजकूर तिसऱ्यांदा वाचून फारसं काही सापडत नाही, म्हणून शेवटची पाच मिनिटं मजकुराला द्यायचीच नाहीत. माथ्यावरची तारीख आणि वार (कालच्या पानावरून उचललेले), ‘पान ७ वर’ लिहिलेलं खरंच सातवर आहे का, फोटोत माणसं सहा आणि ओळीत नावं पाच तर नाहीत ना, आणि सर्वांत शेवटी सर्वांत मोठा मथळा. त्या अक्षरांतली चूक सुटते, कारण ती दुसऱ्या कुणी तरी बघितली असेल असं प्रत्येकाला वाटतं. ‘मंगळवारी मध्यरात्री’ असेल तर घड्याळाची वेळ मागायची. बारानंतरचं असेल तर तो बुधवार. निधनवार्ता कितीही छोटी असो, नाव, वय आणि अंत्यविधीची वेळ घरी फोन करून ताडायची. दिवंगतांच्या नावाच्या जागी कळवणाऱ्याचं नाव पडण्याची चूक दुरुस्तीच्या चौकटीने भरून निघत नाही. चौऱ्याण्णव वर्षांच्या आजोबांचं ‘अल्पशा आजाराने’ तेवढं तुम्ही राहू द्यायचात. तिथे तुमचं पेन का थांबायचं, ते विचारायचं राहिलं.

या सगळ्याबद्दल मनापासून आभार. आमच्या पोस्टींखाली ‘काय निरीक्षण आहे तुमचं’ असं कुणी लिहिलं की ते तुमच्या खात्यावर जमा धरावं.

आपली,
डेस्कवरची रात्रपाळी

ता. क. उजनी धरण पुन्हा उणे टक्क्यांत गेल्याची बातमी आली आहे. ‘उणे पाणी म्हणजे काय?’ हा तुमचा प्रश्न गृहीत धरून चौकट टाकली: उपयुक्त साठा संपला की पुढचं मोजमाप उणे, शून्याखाली सुमारे ६४ टीएमसीपर्यंत मृतसाठा असतो. ‘उजनीने तळ गाठला’ हा मथळा काढला आहे.