आघाडा बांधावर, अँटिबायोटिक तळ्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यात आमच्या केळीच्या मळ्याला लागून शेततळं आहे. त्यात मी रोहू, कटला, मृगळ सोडतो. मागच्या हिवाळ्यात रोहूच्या पोटावर लाल चट्टे उठले, खवले उभे राहिले आणि रोज पाच-सात मासे तरंगू लागले. मी घाबरून दुकान गाठलं. दुकानदारानं मासा पाहिला नाही, पाण्याचं विचारलं नाही. ऑक्सिटेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकची पुडी दिली आणि "पेंडीत कालवून टाका" म्हणाला. औषध किती दिवस द्यायचं, त्यानंतर किती दिवस मासा विकायचा नाही, हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पंधरवड्याच्या आत तळ्यातला मासा बाजारात गेला. लोकांनी तो घरी नेऊन पोराबाळांना खाऊ घातला. ते मला अजून टोचतं, म्हणून हे पत्र.

नंतर मी वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो. आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो. म्हणजे पेंडीतलं औषध ज्याला हवं त्याच्या पोटात जातच नाही. बरंचसं तळाच्या गाळात बसतं. तिथले जंतू त्याला सरावतात, आणि ही सवय माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंकडेही जाऊ शकते. आम्ही तेच पाणी केळीला देतो. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला २०१९ साली देशात बंदी आली, त्यात मत्स्यपालनही आहे. ऑक्सिटेट्रासायक्लीनला बंदी नाही, पण किलोभर मासळीत ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश नको, अशी मर्यादा आहे. परदेशी जाणारी कोळंबी तपासली जाते, कारण तिकडून माल परत येतो. आमच्या आठवडे बाजारात मासा तपासणारं कोणी मी आजवर पाहिलेलं नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. जिवतीला आपण ज्या आघाड्याची माळ घालतो, त्याच आघाड्याचं बी दिल्लीतल्या संशोधकांनी साधारण वीस वर्षांपूर्वी रोहू आणि कटल्याला खाद्यातून दिलं. माशांची प्रतिकारशक्ती वाढली. लसणाचंही तसंच: किलोभर खाद्यात १ ते १० ग्रॅम लसूण खाल्लेले रोहू एरोमोनास जंतू टोचल्यावरही जास्त संख्येनं जगले. लाल चट्ट्यांच्या रोगात बहुतेक वेळा हाच जंतू सापडतो. वनस्पती अँटिबायोटिकसारखी जंतूवर तुटून पडेलच असं नाही. ती माशाच्या पांढऱ्या पेशींना आधीच जागं करून ठेवते. म्हणून ती रोग येण्यापूर्वी द्यायची. मासे तरंगू लागल्यावर लसूण ठेचत बसून उपयोग नाही.

हे वाचून कोणी उद्याच पाटीभर कडुनिंबाचा पाला तळ्यात ओतू नये, अशी कळकळीची विनंती आहे. निंबाचा अर्क जास्त झाला तर माशालाच बाधतो. शिवाय दिल्लीचे प्रयोग टाक्यांमधले. तापीकाठच्या उन्हात तापलेलं प्लॅस्टिकच्या अस्तराचं तळं वेगळं. बियातला गुणसुद्धा जमीन आणि हंगाम पाहून कमी-जास्त होतो. पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासा वर येतो, त्यालाही आम्ही रोगच समजतो. तिथे ना पुडी कामाची, ना पाला.

म्हणूनच मात्रा ठरवून हवी. मत्स्यव्यवसाय विभागानं जळगावच्या आपल्या विद्यापीठाला आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेला सोबत घेऊन खानदेशातल्या शेततळ्यांत हे करून पाहावं. आजारी मासा नेऊन दिला तर कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध चालतं हे सांगणारी एक प्रयोगशाळा जिल्ह्यात असावी. आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची पुडी मिळणं बंद व्हावं, माझ्यासारख्यालासुद्धा.

येत्या पावसाळ्यात माझ्या तळ्यात पुन्हा बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिलं, पडेल. जाळी लावून अर्धं तळं मी प्रयोगाला द्यायला तयार आहे. आघाड्याचं बी बांधावरून मीच गोळा करीन. मोजमाप घ्यायला तेवढा एखादा शास्त्रज्ञ पाठवा.

आपला,
एक शेततळेधारक वाचक
ता. चोपडा, जि. जळगाव